उसाला पाणी पाजताना: तांबडा तारा आणि न पडणारा दिवा

ऊसवाला_करवीर (रविवार दुपार)

मंडळी नमस्कार. आमचं गाव करवीर तालुक्यात, पंचगंगेच्या काठाला. या आठवड्यात शेतीपंपाची लाईट रात्री दहाला येते आणि सकाळी सहाला जाते, त्यामुळं उसाला पाणी रात्रीच पाजावं लागतं. काल थोरली लेक हट्टानं बरोबर आली. सातवीत आहे. मी दारं धरत होतो आणि ती बांधावर घोंगडं पांघरून वर बघत पडलेली. आभाळ एकदम स्वच्छ होतं.

रात्रभरात तिनं जे विचारलं त्यातलं एकाचंही धड उत्तर मला देता आलं नाही, म्हणून इथं विचारतोय.

मृगाच्या चौकोनात एका कोपऱ्याला तांबूस तारा आहे, बाकीचे पांढरे-निळसर. तिनं कुठंतरी वाचलंय की तो म्हातारा झालाय, आता मरणार. तारा मरतो म्हणजे काय होतं? विझतो की फुटतो? आणि जळण संपत आलंय म्हणावं, तर मरायला टेकलेला तारा एवढा फुगलेला कसा?

दुसरं. सहा वाजायच्या बेताला पश्चिमेकडून एक दिवा निघाला. लुकलुकणं नाही, आवाज नाही. चार-पाच मिनिटांत ईशान्येला गेला. पोरगी म्हणाली, "पप्पा, त्याला कोण धरलंय? पडत का नाही?"

आणि एक आपलं शेतकऱ्याचं. मला मृग म्हटलं की पेरणी आठवते. सात-आठ जूनला मृग लागतो. मग तो फेब्रुवारीत रात्री डोक्यावर कसा? हेही तिनंच विचारलं.

---

खगोलवेडी

दादा, लेकीला सांगा, तिन्ही प्रश्न फार चांगले आहेत. सोप्यापासून सुरू करते.

जूनमध्ये मृग "लागतो" म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात जातो. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे सूर्याच्या पाठीमागचे तारे वर्षभर बदलत राहतात. जूनमध्ये मृग सूर्याच्या मागे असतो, दिवसा सूर्याबरोबरच उगवतो आणि मावळतो, म्हणून दिसत नाही. सहा महिन्यांनी आपण सूर्याच्या दुसऱ्या बाजूला पोचतो आणि तोच मृग रात्रभर समोर. म्हणजे ज्या मृगाच्या भरवशावर आपण पेरतो, तो पेरणीच्या दिवसांत कधीच डोळ्यांना दिसत नाही.

तो तांबूस तारा म्हणजे काक्षी. आपल्यापासून अंदाजे ५०० ते ७०० प्रकाशवर्षे दूर. सूर्याच्या जागी ठेवला तर त्याचा पृष्ठभाग मंगळाच्या कक्षेच्याही पलीकडे जाईल. वस्तुमान सूर्याच्या १५ ते २० पट आणि वय जेमतेम १ कोटी वर्षांच्या आसपास. आपला सूर्य ४६० कोटी वर्षांचा आहे आणि अजून तेवढाच जगेल. म्हणजे "म्हातारा" काक्षी वयाने सूर्यापेक्षा कितीतरी लहान आहे!

पहाटेचा दिवा बहुतेक आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर, ९० मिनिटांत पृथ्वीला एक फेरी. ते पडत का नाही याचं खरं उत्तर असं की ते पडतच असतं. दर सेकंदाला ते साडेसात किलोमीटरपेक्षा जास्त पुढे जातं, म्हणजे कोल्हापूर ते पन्हाळा तीन सेकंदांच्या आत. त्याच एका सेकंदात ते चार-साडेचार मीटर खाली येतं. पण पृथ्वी गोल असल्यामुळे तेवढ्या अंतरात जमीनही तेवढीच खाली वळलेली असते. पडतंय, पण जमीन गाठत नाही.

---

बावड्याची_वाट

आम्ही लहानपणी ज्वारी राखताना गोफण फिरवायचो. दगड पडायचा नाही. तसंच हे.

---

मास्तर_निवृत्त

बावड्याची_वाट, उदाहरण चालेल, फक्त दोरी कुठली ते नीट धरा. गोफणीत तुमचा हात दगडाला सतत आत ओढतो. इथं पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण हीच दोरी. गोफणीची एक दोरी सोडली की दगड सरळ निघून जातो. गुरुत्वाकर्षण एका क्षणात नाहीसं झालं, तर स्थानकही तसंच सरळ निघून जाईल.

---

शिवाजीपेठ_जुना

स्कायलॅब कुणाला आठवते का? जुलै १९७९. मी नववीत होतो. अमेरिकेची ती प्रयोगशाळा पडणार अशी बातमी आली आणि आमच्या गल्लीत आठवडाभर दुसरा विषय नव्हता. संध्याकाळी रेडिओभोवती माणसं जमायची. आजीनं आम्हा पोरांना दोन दिवस दाराबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. शेवटी ११ जुलैला ती हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात तुकड्या-तुकड्यांनी पडली.

तेव्हापासून माझ्या मनात हा प्रश्न आहे. वर धरलेलं कुणी नाही, पाडणारंही कुणी नाही, तर मग ती पडली कशी?

---

गुऱ्हाळकर

मी वरच्या काक्षीबद्दल बोलतो, कारण आमचा धंदा जाळाचा.

एवढा मोठा तारा आधी का संपतो, हे गुऱ्हाळावर उभं राहिलं की लगेच पटतं. चुलवाण मोठं केलं की चिपाडं किती जास्त लागतात ते जळण टाकणाऱ्याला विचारा. दुप्पट मोठ्या चुलवाणाला दुप्पट चिपाडावर भागत नाही. काक्षीकडं जळण सूर्याच्या १५-२० पट, पण वाचलं त्याप्रमाणं आज त्याचा उजेड लाखभर सूर्यांइतका आहे. हिशोब सरळ आहे. साठा वीसपट आणि खर्च हजारोपट.

पण ऊसवाले दादांचा प्रश्न मलाही पडलाय. आमच्याकडं जाळ कमी झाला की काहील थंड होते. ताऱ्याचं जळण संपत आल्यावर तो फुगतो म्हणे, आणि आत आणखी तापतो म्हणे. हे कसं काय?

---

मास्तर_निवृत्त

गुऱ्हाळकर आणि शिवाजीपेठ, तुमच्या दोघांच्या प्रश्नांना उत्तर एकच आहे. जरा निवांत लिहितो, कारण मलाही हे समजायला नोकरीतली पहिली दहा वर्षं लागली.

आधी स्कायलॅब. तीन-चारशे किलोमीटरवरही हवा असते, अगदी विरळ. त्या सुमारास सूर्याची धग वाढली होती, त्यामुळे वरचं वातावरण तापून फुगलं आणि स्कायलॅबला जास्त हवा घासू लागली. घर्षणानं ऊर्जा गेली. ऊर्जा गेली म्हणजे वेग कमी झाला असेल, असं वाटतं ना? उलट वेग वाढला. कक्षा लहान झाली आणि लहान कक्षेत वेग जास्त लागतो. आकडे बघा. चंद्र सेकंदाला सुमारे १ किलोमीटर चालतो. ३५,७८६ किलोमीटरवरचे दूरचित्रवाणीचे उपग्रह ३ किलोमीटर. ४०० किलोमीटरवरचं स्थानक ७.६७ किलोमीटर. जितकं खाली तितकं वेगात. म्हणजे फिरणारी वस्तू ऊर्जा गमावते तेव्हा खाली येते आणि वेगानं धावू लागते. उंचीतून मिळालेल्या ऊर्जेतली निम्मी घर्षणात जाते आणि निम्मी वेगात. म्हणून स्थानकाला अधूनमधून इंजिन लावून वर ढकलावं लागतं. स्कायलॅबला ते करता आलं नाही.

आता हेच ताऱ्याला लावा. तारा म्हणजे वायूचा प्रचंड गोळा, स्वतःच्या वजनानं आत पडू पाहणारा. उपग्रहाला पडण्यापासून त्याचा वेग वाचवतो. ताऱ्यालाही वेगच वाचवतो, पण तो वेग त्याच्या प्रत्येक कणाचा. कणांचा वेग म्हणजेच उष्णता. हे कण चहूकडे धावतात, आदळतात, आणि त्या दाबावर वरचं सगळं ओझं तोललेलं असतं.

तारा प्रकाश देतो म्हणजे ऊर्जा गमावतो. मग काय व्हायला हवं? उपग्रहाचं झालं तेच. तो आक्रसेल आणि आतले कण आणखी वेगानं धावतील, म्हणजे तो आणखी तापेल. उष्णता गमावून गरम होणारी वस्तू! काहिलीच्या बाबतीत असं कधी होत नाही, कारण काहील स्वतःच्या वजनानं स्वतःवर तोललेली नसते. गुऱ्हाळकर, तुमचं उदाहरण इथवर चालतं, इथं सुटतं.

यातून एक गोष्ट निघते, जी पुस्तकांत ठळकपणे लिहिलेली मला फार कमी वेळा दिसली. तारा जळणामुळे तापत नाही. तो आक्रसल्यामुळे तापतो. जळण त्याचं आक्रसणं थांबवतं, एवढंच. जेवढी ऊर्जा प्रकाशातून जाते तेवढी आतून भरून काढायची, म्हणजे गोळा होता तसा राहतो. सूर्याच्या गाभ्यात दीड कोटी अंश तापमान आहे. तिथे दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचं हेलियम होतं आणि त्यातलं ४० लाख टनांहून जास्त वस्तुमान ऊर्जेत बदलतं. हा भरणा चालू आहे तोवर सूर्य स्थिर.

एकोणिसाव्या शतकात भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड केल्विन यांनी हिशोब केला होता की सूर्य नुसता आक्रसून किती काळ तळपेल. उत्तर आलं दोन-तीन कोटी वर्षं. भूगर्भवाले म्हणाले, खडक त्याहून कितीतरी जुने आहेत. दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक होते. हायड्रोजनचं जळण तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. १९२० मध्ये खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन यांनी ते सुचवलं आणि १९३८-३९ मध्ये हान्स बेथे यांनी त्याची साखळी मांडून दाखवली.

---

ऊसवाला_करवीर

मास्तर, दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा लेकीला वाचून दाखवलं. ती म्हणते, "मग जळण संपल्यावर तो परत आक्रसणार आणि परत तापणार, मग फुगला कसा?"

---

मास्तर_निवृत्त

बरोबर जागी बोट ठेवलं बाळानं. आक्रसतो तो गाभा. तो तापल्यावर त्याच्या सभोवतालच्या थरातला, अजून न जळलेला हायड्रोजन पेट घेतो, पूर्वीपेक्षा जोरात. त्या धगीनं बाहेरचे थर लांब फेकले जातात. पसरल्यामुळे वरचा पृष्ठभाग थंड होतो, म्हणून तांबडा दिसतो. आत भट्टी आणि बाहेर फुगवटा, असा तो राक्षसी तारा. सूर्यही ५०० कोटी वर्षांनी असाच फुगेल. बुध तर नक्की जाईल, शुक्रही बहुधा. पृथ्वीचं काय होईल यावर अजून वाद आहेत, पण समुद्र त्याच्या फार आधी, १०० कोटी वर्षांच्या सुमारास आटायला लागलेले असतील, कारण सूर्य हळूहळू प्रखर होतोय.

---

शाहूपुरी_४थी_गल्ली

वाचतोय. धागा जपून ठेवला आहे.

---

खगोलवेडी

गुऱ्हाळकर दादा, तुमचं उदाहरण मला परत आणायचं आहे. रस उकळायला तासन् तास लागतात, पण काकवीचा गूळ होताना गुळव्याला डोळ्याची पापणी लवू देऊन चालत नाही, बरोबर ना?

काक्षीसारख्या जड ताऱ्याचं तसंच असतं. हायड्रोजन जळायला काही दशलक्ष वर्षं. मग हेलियम, त्याला काही लाख वर्षं. मग कार्बन, तो काही शतकांत संपतो. ऑक्सिजनला महिने. सिलिकॉनला साधारण एक दिवस. आणि मग गाभा लोखंडाचा होतो. लोखंड जोडून ऊर्जा मिळत नाही, उलट द्यावी लागते. भरणा बंद. पृथ्वीएवढा गाभा एका सेकंदाच्या आत वीस-तीस किलोमीटरचा होतो आणि बाहेरचा सगळा तारा उधळतो. हाच अतिनवतारा. मागे उरतो न्यूट्रॉन तारा, म्हणजे तोच आवळलेला गाभा, फारच जड असेल तर कृष्णविवर.

सन १०५४ मध्ये चिनी निरीक्षकांनी वृषभ राशीत असा स्फोट पाहून नोंदवला होता. तो दिवसाही दिसत होता. त्याचा विखुरलेला ढग आजही दुर्बिणीत दिसतो, आणि आतला न्यूट्रॉन तारा सेकंदाला ३० वेळा स्वतःभोवती फिरतोय. काक्षीचा स्फोट पुढच्या लाखभर वर्षांत केव्हाही होऊ शकतो. २०१९-२० च्या हिवाळ्यात तो अचानक मंद झाला तेव्हा मी रोज गच्चीवर जायचे. नंतर कळलं, त्यानं बाहेर टाकलेल्या धुळीचा पडदा मध्ये आला होता. स्फोट झाला तरी आपल्याला धोका नाही, अंतर पुरेसं आहे.

---

पंचांगप्रेमी

एक शंका. काक्षी म्हणजेच आर्द्रेचा तारा ना? आमच्या घरी आजोबा तसंच सांगत.

---

खगोलवेडी

हो, अनेक जण त्याच ताऱ्याला आर्द्रा मानतात. मराठीत आपण तो सगळा ठळक चौकोन मृग म्हणून ओळखतो, म्हणून गोंधळ होतो. आजोबांचं चूक नव्हतं.

---

मास्तर_निवृत्त

ऊसवाले, रात्री परत शेतात गेलात तर लेकीला मृगाच्या बाणाचे तीन तारे दाखवा आणि त्याच रेषेत खाली आग्नेयेला जा. व्याध लागेल, रात्रीच्या आकाशातला सगळ्यांत तेजस्वी तारा. अंतर ८.६ प्रकाशवर्षे. या एका ठिकाणी तुमच्या लेकीचे दोन्ही प्रश्न भेटतात.

१८४४ मध्ये खगोलशास्त्रज्ञ बेसेल यांच्या लक्षात आलं की व्याध आकाशात सरळ न सरकता नागमोडी सरकतो. कुणीतरी अदृश्य त्याला ओढतंय. १८६२ मध्ये आल्व्हन क्लार्क नवी दुर्बीण तपासत असताना तो सोबती दिसला. दोघं एकमेकांभोवती सुमारे ५० वर्षांत एक फेरी घालतात. त्या फेरीवरून सोबत्याचं वजन निघालं, सूर्याएवढं. आणि आकार? पृथ्वीपेक्षाही थोडा लहान. तो मेलेला तारा आहे, श्वेतबटू. एकेकाळी दोघांतला तोच जड होता, म्हणून तोच आधी संपला.

त्याच्या आत आता काहीच जळत नाही, तरी तो कोसळत का नाही? कारण तिथे ओझं तोलायला कणांची धावपळ लागत नाही. इलेक्ट्रॉन एका मर्यादेपलीकडे एकमेकांजवळ यायला नकार देतात आणि त्या नकारावर तारा उभा राहतो. उष्णता गेली तरी आक्रसत नाही, म्हणून तापतही नाही, नुसता निवत जातो. गुऱ्हाळकर, इथं मात्र तुमची काहील. चुलवाणावरून उतरवलेली.

या नकारालाही मर्यादा आहे, सूर्याच्या सुमारे १.४ पट वस्तुमान. १९३० मध्ये एकोणीस वर्षांचा एक भारतीय मुलगा बोटीनं इंग्लंडला निघाला होता. त्या प्रवासात त्यानं हे गणित केलं. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. पुढं एडिंग्टन यांनी भर सभेत त्याची खिल्ली उडवली. नोबेल मिळालं १९८३ मध्ये. ही गोष्ट वर्गात सांगताना दरवर्षी माझा आवाज जड व्हायचा.

---

शिवाजीपेठ_जुना

मास्तर, स्कायलॅबचं उत्तर सेहेचाळीस वर्षांनी मिळालं. आभारी आहे.

ताऱ्यांच्या पोटात मूलद्रव्यं कशी घडतात यावरचा तो गाजलेला निबंध १९५७ चा, चार जणांचा. त्यांतले एक फ्रेड हॉयल. केंब्रिजला जयंत नारळीकर त्यांचेच विद्यार्थी. नारळीकरांचा जन्म आपल्या कोल्हापुरातला, १९ जुलै १९३८. मे २०२५ मध्ये ते गेले त्या दिवशी मी रंकाळ्यावर बराच वेळ बसून होतो.

---

गुजरीतला_कारागीर

मी साज घडवतो. रोज सोनं हातात असतं. लोखंडापर्यंत ताऱ्यात बनतं म्हणालात. मग सोनं?

---

खगोलवेडी

दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तरही मास्तरांच्या कक्षेच्या हिशोबातच आहे.

दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांभोवती फिरत असतील तर तिथे घासायला हवा नाही. पण इतक्या जड वस्तू फिरताना अवकाशातच लहरी उठवतात आणि ऊर्जा त्यातून जाते. मग तेच, कक्षा लहान, वेग जास्त. १९७४ मध्ये हल्स आणि टेलर यांना अशी जोडी सापडली, पावणेआठ तासांत एक फेरी घालणारी. त्यांची कक्षा वर्षाला सुमारे साडेतीन मीटरनं लहान होतेय. कोट्यवधी वर्षांनी ते धडकतील. १७ ऑगस्ट २०१७ रोजी अशीच एक धडक प्रत्यक्ष नोंदवली गेली, १३ कोटी प्रकाशवर्षांवरची. उधळलेल्या द्रव्याच्या प्रकाशात जड मूलद्रव्यं नव्यानं बनल्याच्या खुणा मिळाल्या. जगातल्या सोन्याचा बराच भाग अशा धडकांतून आला असावा, असं मानतात. तुमच्या हातातलं सोनं पृथ्वीहून जुनं आहे, हे मात्र नक्की.

या लहरी पकडणारी वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ उभी राहणार आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा.

---

गुजरीतला_कारागीर

उद्या मुशीकडं वेगळ्या नजरेनं बघेन.

---

महाद्वार_रोड

कक्षेचं बोलताय तर आपल्या गावातलं सांगतो. अंबाबाईचा किरणोत्सव, म्हणजे मावळतीचे किरण मूर्तीपर्यंत पोचतात तो, नोव्हेंबरच्या ९, १०, ११ ला आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारीला. मी लहानपणापासून बघतो, पण याच तारखा का, हे कधी सुचलं नव्हतं. काल मोजलं. २१-२२ डिसेंबर हा मधला दिवस धरला, तर दोन्हीकडं साधारण ४१ दिवस. सूर्य दक्षिणेकडं जाताना ज्या जागी मावळतो, परत येताना त्याच जागी. बांधणाऱ्यांनी ती जागा किती वर्षं बघून ठरवली असेल!

---

मास्तर_निवृत्त

सुंदर मोजलंत. असंच खिद्रापूरचं. कोपेश्वराच्या स्वर्गमंडपाला छताच्या मधोमध गोल मोकळी जागा आहे. कार्तिक पौर्णिमेला मध्यरात्री चंद्र जवळजवळ त्यावर येतो. नोव्हेंबरात सूर्य जितका दक्षिणेला, तितका समोरचा पूर्ण चंद्र उत्तरेला, म्हणजे आपल्या अक्षांशावर डोक्यावरच. चंद्राची कक्षा पाच अंशांनी कललेली असल्यानं दरवर्षी नेम तंतोतंत बसत नाही. थोडा इकडं तिकडं होतो.

---

शाहूपुरी_४थी_गल्ली

शहरात व्याध सोडून काही दिसत नाही. जवळ कुठं जावं?

---

बावड्याची_वाट

मसाई पठार. अमावस्येच्या आसपास, कोरड्या दिवसांत. नाहीतर गगनबावड्याकडं किंवा राधानगरीच्या अलीकडं. टॉर्चला लाल कागद लावा, स्वेटर न्या. दुर्बीण नसली तरी चालेल.

---

ऊसवाला_करवीर (पुढचा रविवार)

मंडळी, या आठवड्यात लाईट दिवसाची आहे, रात्री शेतात जायचं काम नव्हतं. तरी आज पहाटे पाचला लेकीनंच मला उठवलं. मोबाईलवर स्थानकाची वेळ बघून ठेवली होती, पावणेसहाची. आम्ही गच्चीवर. आग्नेयेला आणखी एक तांबडा तारा दिसला. ती म्हणाली, हा ज्येष्ठा, हापण काक्षीसारखाच. तिनं शोधून ठेवलं होतं.

पावणेसहा झाले तरी पश्चिमेला काही नाही. मी म्हटलं, चुकलं वाटतं. आणि एकदम जवळजवळ डोक्यावर, काही नसलेल्या जागी, दिवा लागल्यासारखा तो उजळला आणि ईशान्येला निघाला.

मी विचारलं, मधेच कसा उगवला?

ती म्हणाली, "पप्पा, तो आधीपासून येतच होता. पृथ्वीच्या सावलीत होता. आत्ता उन्हात आला." आणि तो दिसेनासा होईपर्यंत सेकंद मोजत उभी राहिली. एकशे बारा.